डिलबर्ट आणि ‘चांगला एरिया’

२७ फेब्रुवारी २०२३, सोमवार. मराठी भाषा गौरव दिन असल्यामुळे आमच्या जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटेपासून कुसुमाग्रजांचे फोटो आणि शुभेच्छा येऊन पडत होत्या. त्या गर्दीत न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मित्राने बातमी टाकली. ‘डिलबर्ट’ ही कॉमिक स्ट्रिप वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या अँड्र्यूज मॅकमील कंपनीने तिचा जनक स्कॉट अ‍ॅडम्स याच्याशी सगळे संबंध तोडले होते. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत अमेरिकेतल्या शेकडो पेपरांनी स्ट्रिप बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. बातमीखाली कुणीतरी लिहिलं, ‘‘आपल्या अशोकची नोकरी गेली रे.’’ त्याखाली रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी उठून कपाटाचा खालचा खण उघडला. अमेरिकेतून परत येताना आणलेल्या कागदांची एक फाइल तिथे असते. जुने व्हिसा, मुलीच्या लसींचं कार्ड, घराच्या खरेदी-विक्रीचे कागद, आणि त्यांच्यामध्ये वर्तमानपत्राचं एक कात्रण. तीन चौकटींची डिलबर्ट स्ट्रिप. सेलोटेप पिवळी पडून कडक झाली आहे. कडेला निळ्या बॉलपेनने, गोल अक्षरात, इंग्रजीत लिहिलंय, ‘तुझ्या गावचा का गं हा?’

ज्यांनी ते लिहिलं त्या बाईंबद्दल मला सांगायचं आहे. स्कॉट अ‍ॅडम्सबद्दलही सांगावं लागेल. त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून मला त्या बाई आठवल्या, आणि त्यांच्याही आधीची पुण्यातली एक मैत्रीण.

आमच्या पिढीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांना डिलबर्ट कोण हे सांगावं लागत नाही, पण माझ्या मुलीला सांगावं लागलं. टोकाशी वर वळलेला टाय घालणारा, चष्मेवाला, तोंड नसलेला एक इंजिनिअर. त्याचा बॉस, ज्याचे केस दोन्ही बाजूंनी शिंगांसारखे उभे. कॉफीचा मग हातात घेऊन कामचुकारपणा करणारा वॉली. एचआरचा मुख्य म्हणून चक्क एक दुष्ट मांजर. आणि त्रिकोणी केसांची अ‍ॅलिस, जी सगळ्यांपेक्षा जास्त काम करते आणि सगळ्यांपेक्षा जास्त चिडते. १६ एप्रिल १९८९ ला ही स्ट्रिप सुरू झाली तेव्हा अ‍ॅडम्स स्वतः कॅलिफोर्नियात पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीत क्युबिकलमध्ये बसत होता. पहाटे उठून चित्रं काढायची आणि मग ऑफिस गाठायचं, असं त्याने १९९५ पर्यंत केलं. १९९३ मध्ये त्याने स्ट्रिपमध्ये आपला ईमेल पत्ता छापायला सुरुवात केली आणि जगभरातल्या ऑफिसांतून त्याला पत्रं येऊ लागली. आमच्याकडे असं घडलं, आमचा बॉस असं म्हणाला. त्यातून तो स्ट्रिप करायचा. मला वाटतं, डिलबर्टची सगळी ताकद तिथून आली. ऐन भरात असताना ती ६५ देशांतल्या सुमारे २,००० वर्तमानपत्रांत जायची.

मी १९९८ मध्ये न्यू जर्सीला गेले. वायटूकेचं काम होतं. वर्षाचे दोन आकडे साठवणाऱ्या जुन्या कोबोल प्रोग्रॅमना चार आकडे शिकवायचे. एका विमा कंपनीचं अवाढव्य ऑफिस, राखाडी कापड लावलेल्या भिंती, बसलं की फक्त छत दिसायचं. कंत्राटी माणसांच्या गळ्यातली पट्टी कायम नोकरीवाल्यांपेक्षा वेगळ्या रंगाची असायची. आपण हुशार आहोत हे माहीत असायचं, आणि आपलं मत कुणी विचारणार नाही हेही. स्ट्रिपमधला असोक अगदी तसाच. १९९६ मध्ये तो त्या ऑफिसात इंटर्न म्हणून आला. आयआयटीत शिकलेला, बुद्धीने सगळ्यांच्या वर, आणि सगळ्यांत जास्त लाथा खाणारा. स्पेलिंग असोक असलं तरी आमच्यासाठी तो अशोकच होता. अमेरिकेच्या एवढ्या मोठ्या स्ट्रिपमध्ये आपला माणूस, तोही पगडी-साप-हत्तीशिवाय. त्याचं केवढं अप्रूप होतं आम्हाला! पुढे डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा फेब्रुवारी २०१४ च्या एका स्ट्रिपमध्ये अ‍ॅडम्सने असोक समलिंगी असल्याचं दाखवून त्या निकालाचा निषेध केला होता. तेव्हा मी पुण्यात परत आलेली होते, आणि मला अ‍ॅडम्सचा अभिमान वाटला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. हा माणूस पहिल्यापासून दगड होता असं म्हणून मोकळं होता येत नाही.

माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये त्या बाई बसायच्या. आफ्रिकन-अमेरिकन, पन्नाशीच्या जवळ आलेल्या, पंचवीस वर्षं त्याच कंपनीत. कुठल्या प्रोग्रॅममध्ये कुठली फाइल का उघडली आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. तिकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायचे, मनात मात्र ‘ताई’ म्हणायचे. मीटिंगमध्ये ‘हो’ म्हणून आल्यावर क्युबिकलमध्ये रडत बसायची माझी सवय त्यांनी मोडली. घरचा पेपर घेऊन यायच्या, जेवणाच्या सुट्टीत कात्रीने डिलबर्ट कापायच्या आणि भिंतीवर टोचायच्या. अ‍ॅलिस भडकलेली असली की ती स्ट्रिप त्यांच्या भिंतीवर. असोक असला की माझ्या. असं चार-पाच वर्षं चाललं.

तेवढ्या वर्षांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली नाही. माझ्यासाठी कापायला त्यांच्याकडे असोक होता. त्यांच्यासाठी कापायला मला काहीच नव्हतं, कारण त्या स्ट्रिपच्या ऑफिसात त्यांच्यासारखं कुणी कामालाच नव्हतं. डिलबर्टमध्ये पहिलं काळं पात्र आलं मे २०२२ मध्ये, स्ट्रिप सुरू झाल्यावर तेहतीस वर्षांनी. डेव्ह नावाचा इंजिनिअर. बॉस खुश, की चला, आपल्या ऑफिसात विविधता आली. आणि हा म्हणतो, मी स्वतःला गोरा समजतो. एवढाच विनोद. ज्या बाईंनी वर्षानुवर्षं कात्रीने ही स्ट्रिप कापली, त्यांच्या रंगाचा माणूस त्यात शेवटी आला तो असा.

चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्स’ या लहान मुलांच्या स्ट्रिपमध्ये फ्रँकलिन हा काळा मुलगा आला होता ३१ जुलै १९६८ ला. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर लॉस एंजेलिसच्या एका शिक्षिकेने शुल्झला पत्र लिहून गळ घातली होती की तुमच्या मुलांमध्ये एक काळं मूल येऊ द्या. कॉमिक्सच्या पानाचीही एक वस्ती असते, आणि त्या वस्तीत कोणाला घर द्यायचं हे संपादक ठरवत आलेले आहेत. १० फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेतल्या काही काळ्या स्ट्रिपकारांनी एकाच दिवशी जवळजवळ एकसारखीच स्ट्रिप काढून निषेध केला होता. त्यांची तक्रार अशी की संपादक म्हणतात, आमच्याकडे एक काळी स्ट्रिप आहे, दुसरी कशाला? म्हणून २०२३ मध्ये पेपरांनी डिलबर्ट काढून टाकली याचं कौतुक करतानाही माझा हात थोडा आखडतो.

आता ती गोष्ट, जी आठवली की मला अजून बसल्या जागी गरम होतं.

२००३ मध्ये आम्ही घर शोधत होतो. मुलगी दोन वर्षांची. तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, कागदी ताटल्यांत गुळाच्या पोळ्या घेऊन आम्ही जाणत्या लोकांचा सल्ला घेत होतो. सगळे प्रेमळ लोक. नव्या जोडप्याला एअरपोर्टवरून आणणारे, बाळंतपणाला डबे देणारे. त्यांनी कागदावर गावांची नावं लिहून दिली. तीन गावांखाली रेघ मारली. दोन गावांवर फुली. ‘‘इकडे घेऊ नका. एरिया चांगला नाही.’’ मी विचारलं, म्हणजे कसा? एका काकूंनी आवाज उतरवला आणि आपल्या लोकांनी त्या माणसांसाठी तयार केलेला एक शब्द वापरला. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. आणि मी मान डोलावली. शाळांचे आकडे पाहिले, नकाशा पाहिला, आणि रेघ मारलेल्या गावांपैकी एकात घर घेतलं.

सोमवारी ऑफिसात पेढे वाटले. शेजारच्या बाईंनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं, पेढा खाल्ला, आणि बऱ्याच वेळाने, स्क्रीनकडे बघतच, आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लेव्हिट नावाच्या बिल्डरने अमेरिकेत एकसारख्या घरांची गावंच्या गावं उभी केली. स्वस्त घरं, पुढे हिरवळ, सरकारी हमीचं कर्ज. न्यू जर्सीतलं लेव्हिटटाउन १९५८ मध्ये विक्रीला आलं. काळ्या माणसांना घरं विकायची नाहीत, हे बिल्डरचं उघड धोरण होतं. त्याविरुद्ध तक्रारी झाल्या, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६० मध्ये बिल्डर हरला. बाईंच्या वडिलांनी त्यानंतर दोन-तीन वर्षांत तिथे घर घेतलं. गावाचं नावही तोवर बदलून पुन्हा जुनं झालं होतं, विलिंगबरो. त्या तेव्हा दहा-बारा वर्षांच्या होत्या. अंगणात सायकल चालवायच्या. आणि मग गल्लीत पाट्या दिसू लागल्या. ‘विकणे आहे.’ आज एक, पुढच्या महिन्यात तीन. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. शेजारीण केक घेऊन निरोप घ्यायला आली, म्हणाल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दारात ट्रक उभा होता.

पाट्या एवढ्या झाल्या की १९७४ मध्ये गावाने घरापुढे ‘विकणे आहे’ आणि ‘विकले’ अशा पाट्या लावायला बंदीच घातली. पाटी बघून पाटी वाढते, घाबरून गोरी माणसं पळतात, ते तरी थांबेल. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ मध्ये न्यायालयाने एकमताने ती बंदी रद्द केली, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणावरून. हेतू कितीही चांगला असो, लोकांनी खरी माहिती ऐकून चुकीचं काही करू नये म्हणून सरकारला ती माहिती दाबता येणार नाही. हा निकाल लिहिला होता थर्गुड मार्शल यांनी. त्या न्यायालयातले पहिले काळे न्यायमूर्ती. आयुष्यभर वर्णभेदाविरुद्ध खटले लढवलेला माणूस. तो निकाल लिहिताना त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा मी अनेकदा विचार करते.

निकालाचं सगळं मी पुढे कधीतरी वाचलं. त्या दिवशी बाईंनी फक्त पाट्यांचं सांगितलं. माझ्या घराबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गावी घर का घेतलंस, हे त्यांनी मला कधीही विचारलं नाही.

तर २२ फेब्रुवारी २०२३ ला, वीस वर्षांनी, अ‍ॅडम्स आपल्या यूट्यूबवरच्या रोजच्या कार्यक्रमात कॉफीचा मग घेऊन बसला होता. रॅसमुसेन या संस्थेची एक पाहणी त्याच्यापुढे होती. ‘गोरं असण्यात काही गैर नाही’, या वाक्याशी तुम्ही सहमत आहात का? हे वाक्य दिसतं तेवढं निरागस नाही. २०१७ मध्ये इंटरनेटवरच्या टवाळखोर गटांनी ते मुद्दाम पसरवलं होतं आणि वर्णवर्चस्ववाद्यांनी ते उचललं होतं. काळ्या उत्तरदात्यांपैकी ५३ टक्के सहमत, २६ टक्के असहमत, २१ टक्के ‘सांगता येत नाही’. अ‍ॅडम्सने असहमत आणि ‘सांगता येत नाही’ यांची बेरीज केली आणि म्हणाला, जवळजवळ निम्मे काळे लोक गोऱ्यांना मानत नाहीत, म्हणजे हा द्वेष करणारा गट झाला. आणि गोऱ्यांना त्याने सल्ला दिला की काळ्या लोकांपासून दूर निघून जा. मी स्वतः तेच केलं, म्हणाला, जिथे काळ्यांची वस्ती अगदी कमी आहे अशा ठिकाणी राहायला गेलो.

मी तो भाग दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकताना मला डिलबर्टचीच आठवण आली. त्या स्ट्रिपमध्ये किती वेळा बॉस असा एक आकडा हातात घेऊन मीटिंगमध्ये येतो, त्याच्यावरून भलताच निष्कर्ष काढतो आणि डिलबर्ट विचारतो की नमुना किती जणांचा होता? पाहणी १,००० जणांची होती. लोकसंख्येतलं प्रमाण धरलं तर त्यात काळी माणसं सव्वाशे-दीडशे. त्यातले २६ टक्के म्हणजे तीस-चाळीस जण. तीस-चाळीस माणसांनी एका डिवचणाऱ्या वाक्याला ‘नाही’ म्हटलं, आणि त्यावरून चार कोटींहून अधिक माणसांपासून पळ काढायचा? ज्याने आम्हाला आकड्यांवर संशय घ्यायला शिकवलं, त्याने हे केलं.

का केलं, याचा थोडा माग त्याच्याच बोलण्यात सापडतो. बँकेत आणि टेलिफोन कंपनीत असताना आपल्याला बढती मिळाली नाही ती आपण गोरे पुरुष होतो म्हणून, असं तो वर्षानुवर्षं सांगत होता. डिलबर्टची टीव्ही मालिका बंद पडली त्याचं कारणही त्याने २०२० मध्ये तेच दिलं. बढती हुकल्याची सल मला समजते. ती बारा वर्षं मी गळ्यात घालून फिरले आहे. पण त्याच सलीतून त्याने आधी डिलबर्ट काढला होता आणि त्यात बॉस हा बॉस होता, कुठल्या रंगाचा वगैरे नाही.

त्यानंतरचे चार दिवस भराभर गेले. क्लीव्हलँडचा ‘द प्लेन डीलर’, दोनशेहून अधिक पेपर असलेलं यूएसए टुडे नेटवर्क, वॉशिंग्टन पोस्ट, लॉस एंजेलिस टाइम्स. प्लेन डीलरच्या संपादकाने लिहिलं की हा निर्णय अवघड नव्हता. लॉस एंजेलिस टाइम्सने कळवलं की काही अंक आधीच छापून झाले आहेत, त्यामुळे रविवारच्या पानावर स्ट्रिप आणखी काही वेळा दिसेल. पेंग्विन रँडम हाउसच्या एका शाखेने त्याचं येऊ घातलेलं पुस्तक रद्द केलं. अ‍ॅडम्सचं म्हणणं होतं की आपण अतिशयोक्ती करत होतो, संदर्भ सोडून आपलं वाक्य उचललं. महिन्याभरात त्याने वर्गणीदारांसाठी इंटरनेटवर डिलबर्ट पुन्हा सुरू केली.

मॅसेच्युसेट्समधल्या अ‍ॅटलबरो नावाच्या लहान गावातल्या ‘सन क्रॉनिकल’ने मात्र वेगळंच केलं. डिलबर्टच्या जागी त्यांनी दुसरी स्ट्रिप लगेच टाकली नाही. मार्चभर ती जागा कोरी ठेवायची ठरवली, वर्णद्वेष अजून आपल्यात आहे याची आठवण म्हणून. मला हे सगळ्यांत जास्त पटलं. दुसरी स्ट्रिप टाकली की वाचक आठवड्यात विसरतो. कोरी चौकट रोज सकाळी चहाबरोबर समोर येते.

आमच्या ग्रुपवर दुपारपर्यंत भाषा दिन मागे पडला आणि वाद पेटला. कलाकार वेगळा, कला वेगळी, हे वाक्य चार जणांनी लिहिलं. मी सहसा तिथे काही लिहीत नाही, त्या दिवशी लिहिलं. पेपरातली स्ट्रिप हा रतीब असतो. रोज सकाळी दारात येतो आणि महिन्याला त्याचे पैसे पोचते होतात. दूधवाल्याने चौकात उभं राहून माझ्या शेजाऱ्यांना बहिष्कृत करा असं सांगितलं, तर त्याचा रतीब बंद करण्यासाठी दुधात पाणी सापडायची वाट मी कशाला बघू? त्याची जुनी पुस्तकं कुणी जाळली नाहीत. माझ्या कपाटात दोन आहेत, राहतील. सरकारने त्याचं तोंड बंद केलं असतं तर मी त्याच्या बाजूने बोलले असते. मार्शल यांचा निकाल मला त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो. पण पेपराचं पान ही संपादकाची जबाबदारी आहे, आणि तो पेपर विलिंगबरोच्या घरांतही जातो.

मग एकाने इलॉन मस्कचं ट्वीट टाकलं. अमेरिकेतली माध्यमं आधी बिगरगोऱ्यांबद्दल वर्णद्वेषी होती, आता गोरे आणि एशियन यांच्याबद्दल आहेत, असं त्यात होतं. त्या ‘एशियन’ शब्दावर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी अंगठे उमटवले. मला ते अंगठे बघवले नाहीत. कारण अ‍ॅडम्स जे माइकसमोर बोलला, ते मंडळाच्या बेसमेंटमध्ये आवाज उतरवून बोललं गेलं होतं. त्याने जे केलं तेच मीही केलं होतं, फुल्या मारलेला कागद पर्समध्ये ठेवून. त्याच्या हातून शेकडो पेपर गेले. माझ्या घराची किंमत आठ वर्षांत चांगली वाढली आणि त्यातून पुण्यातला हा फ्लॅट झाला.

आणि हे मी अमेरिकेत शिकले, असंही नाही.

१९९४ मध्ये नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा माझ्याबरोबर एक मैत्रीण होती. कॉलेजात आम्ही चार वर्षं एकाच खोलीत राहिलो होतो. नांदेडकडची, आमच्या वर्गात पहिली. तिचा मोठा भाऊ पँथरमध्ये होता. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं, हे मला तिच्याकडूनच कळलं. आम्ही पेठेतल्या एका वाड्यात खोली बघायला गेलो. भिडेवाडा, जिथे जोतिराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. मालकीणबाईंनी पाणी दिलं, नोकरी विचारली, मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘आडनाव काय तुमचं?’’ तिने सांगितलं. ‘‘बरं. कळवते हं. एक जण आधीच बघून गेलेत.’’ माझं आडनाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला एकटीलाच परत पाठवलं. या वेळी आडनाव मी आपणहून सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. खोली रिकामीच होती.

मी ती घेतली. मैत्रिणीला सांगितलं की दुसरीकडे मिळाली, एकटीपुरतीच आहे. ती महिनाभर विश्रांतवाडीला नातेवाइकांकडे राहिली. मी अमेरिकेला निघाले तेव्हा ती मला भेटायला आली होती. म्हणाली, ‘‘जोतिबांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलीय अमेरिकेतल्या भल्या माणसांना, गुलामांना मोकळं केलं म्हणून. १८७३ साली. कशी आहेत ती माणसं, बघून ये.’’ मी हसून हो म्हटलं होतं.

जानेवारी २०२६ मध्ये अ‍ॅडम्स गेला. प्रोस्टेटचा कॅन्सर होता, ६८ वर्षांचा होता. ग्रुपवर पुन्हा असोकचे फोटो आले, श्रद्धांजल्या आल्या. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या स्ट्रिपने मला परक्या देशातले फार वाईट दिवस काढायला मदत केली होती. मी कात्रण परत बाहेर काढलं, त्याचा फोटो काढून न्यू जर्सीच्या बाईंना पाठवला. आता त्या सत्तरी ओलांडलेल्या आहेत. फोटोखाली, त्यांनी कधी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. त्या गावात घर का घेतलं ते. कागदावरच्या फुल्यांसकट. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

मग नांदेडला फोन लावला. मैत्रीण तिथे शिकवते, आता निवृत्तीला आलीय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, तुला एक सांगायचंय, पेठेतल्या त्या खोलीबद्दल. तुला मी खोटं सांगितलं होतं. तीच खोली होती.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

‘‘अगं, मला माहीत होतं की,’’ ती म्हणाली. ‘‘तुझी ट्रंक कोणी उचलून आणली होती वाड्यापर्यंत? तुला एकटीला उचलत नव्हती. मीच एक कडी धरली होती. तू म्हणालीस, इथेच ठेव, आत मी नेते.’’